सापेक्ष प्रतीक्षा : ‘पुन्हा येतील का?’ या प्रश्नाची नीती

१

कलावंत पुन्हा आपल्यासमोर येईल की नाही, या प्रश्नाची गणना समीक्षेच्या प्रश्नांत सहसा केली जात नाही. तो वृत्तपत्रांच्या मनोरंजन-पुरवणीचा किंवा चाहत्यांच्या फावल्या वेळातील गप्पांचा विषय मानला जातो. कलाकृती, तिची संहिता, तिचा आस्वाद आणि तिचे मूल्यमापन एवढ्यावर समीक्षेचा अधिकार चालतो. कलाकृती अद्याप घडलेलीच नसेल तर समीक्षेने बोलायचे कशाविषयी, असा आक्षेपही सहज घेता येईल. परंतु प्रयोगसिद्ध कलांच्या बाबतीत हा आक्षेप पुरता टिकत नाही. प्रयोग संपल्यानंतर आणि पुढचा प्रयोग होण्यापूर्वी जो काळ जातो, त्या काळातही रसिकाचे त्या कलेशी असलेले नाते चालूच असते. किंबहुना, काही रसिकांच्या आयुष्यात प्रत्यक्ष प्रयोग दोन-अडीच तासांचा असतो आणि प्रतीक्षा काही दशकांची. या दीर्घ काळात रसिक जे करतो त्याला तर्क लढविणे म्हणतात. हे तर्क निरुपद्रवी असतात का, आणि नसतील तर त्यांची नीती कोणती, हा येथील विवेचनाचा विषय आहे.

विवेचनाला एका विशिष्ट घटनेचा आधार घेणे सोयीचे होईल. १५ डिसेंबर २०१९ रोजी नवी मुंबईतील नेरूळ येथील डी. वाय. पाटील स्टेडियमवर यू-टू या आयरिश रॉक बँडचा कार्यक्रम झाला. या बँडचा भारतातील तो पहिलाच कार्यक्रम, आणि ‘द जोशुआ ट्री’ या १९८७ सालच्या ध्वनिमुद्रिकेच्या स्मरणार्थ २०१७ मध्ये सुरू झालेल्या व २०१९ मध्ये पुढे चालविलेल्या दौऱ्याचा तो शेवटचा कार्यक्रम होता. १९७६ मध्ये डब्लिनमधील शाळकरी मुलांनी उभा केलेला हा बँड नवी मुंबईत पोहोचला तेव्हा त्याचे चारही सभासद साठीच्या उंबरठ्यावर होते. अवघ्या तीन महिन्यांनी महासाथीने जगभरातील मैदाने बंद पाडली. २०२२ च्या अखेरीस बँडचा ढोलवादक लॅरी मलन याने एका मुलाखतीत आपल्या शरीरावर शस्त्रक्रिया करावी लागणार असल्याचे सांगितले. सप्टेंबर २०२३ ते मार्च २०२४ या काळात लास वेगासमधील ‘स्फिअर’ या वास्तूत बँडचे ४० कार्यक्रम झाले, त्यांत मलनच्या जागी ब्राम व्हॅन डेन बर्ग हा वादक बसला. ते कार्यक्रम एकाच गावी, एकाच छताखाली झाले. त्यांना दौरा म्हणता येणार नाही. तेव्हापासून ‘आता पुन्हा दौरा निघेल का?’ हा प्रश्न चाहत्यांच्या जगात केंद्रस्थानी आला. नेरूळला त्या रात्री उभे राहिलेल्यांच्या दृष्टीने त्याला आणखी एक पदर आहे: निघालाच, तर तो इकडे येईल का?

२

हा प्रश्न विचारणारा चाहता काय करतो, ते प्रथम पाहिले पाहिजे. तो चिन्हे गोळा करतो. मुलाखतीतील एखादे अर्धवट वाक्य, स्टुडिओतून बाहेर आलेले छायाचित्र, एखाद्या सभासदाचे वाढलेले वजन किंवा आखडलेला खांदा, दोन दौऱ्यांमधील अंतराची सरासरी अशा विखुरलेल्या तपशिलांतून तो एक सुसंगत कथन रचतो. बोनोने २०२२ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केले. एकाला त्यात निरवानिरव दिसते, दुसऱ्याला नव्या पर्वापूर्वीचा हिशेब दिसतो. मलनची अनुपस्थिती एकाला शेवटाची नांदी वाटते, दुसऱ्याला पुनरागमनासाठी घेतलेली विश्रांती. ही रीत साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. अपुऱ्या खुणांवरून पूर्णाचा अंदाज बांधणे, भागाच्या आधारे समग्राचा आणि समग्राच्या आधारे भागाचा अर्थ लावणे, हेच अर्थनिर्णयनाचे चक्र होय. त्या अर्थी तर्क लढविणारा चाहता हा भाबडा असला तरी वाचकच आहे.

तरीही साहित्याच्या वाचकात आणि त्याच्यात एक मूलगामी भेद आहे, आणि नीतीचा प्रश्न तेथेच उपस्थित होतो. संहितेचा अर्थ लावताना लेखकाचा हेतू बाजूला ठेवता येतो. रोलां बार्थ यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, ती वाचकाला मोकळे करण्यासाठी होती. त्या रूपकाने कोणताही जिवंत लेखक मेला नाही. वाचकाने काहीही अर्थ लावला तरी कवितेच्या गुडघ्याला त्याची कळ लागत नाही. येथे मात्र जे वाचले जाते ते शरीर आहे. त्या शरीराला वय आहे, दुखणे आहे आणि मुख्य म्हणजे इच्छा आहे. ‘ते येतील’ हे वाक्य वरवर भविष्याविषयीचे विधान दिसते. पण असंख्य लोकांनी ते एकाच वेळी उच्चारले की त्याचे स्वरूप विधानाचे राहत नाही. ते आवाहन होते, मग अपेक्षा होते आणि शेवटी मागणी होते. ज्या वस्तूचा अर्थ लावायचा तिच्यावरच हे अर्थनिर्णयन दाब आणते. साहित्याच्या वाचनात असा दाब संभवत नाही. निदान मृत लेखकांच्या बाबतीत तर नाहीच.

३

या अवस्थेचे वर्णन करण्यासाठी आपल्या परंपरेतच अतिशय नेमकी परिभाषा उपलब्ध आहे. भरताने सांगितलेल्या तेहतीस व्यभिचारी भावांत शंका, चिंता, स्मृती, औत्सुक्य आणि वितर्क हे पाचही येतात. प्रतीक्षा करणाऱ्या चाहत्याच्या मनःस्थितीची ही जणू यादीच आहे. वितर्क हा संदेहातून आणि विमर्शातून जन्मतो, असे भरत सांगतो. मात्र हे सारे भाव व्यभिचारी, म्हणजे येणारे-जाणारे आहेत. स्थायी भावाच्या आश्रयावाचून त्यांना स्वतंत्र प्रतिष्ठा नाही. तर्काचे मूल्य तर्कात नसते. तो कोणत्या स्थायी भावाच्या पाठीवर उभा आहे, यावर ते ठरते. तो रतीवर उभा असेल तर एक, आणि केवळ ताब्यात घेण्याच्या इच्छेवर उभा असेल तर निराळेच काही.

याहून महत्त्वाचा धागा नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायातील शृंगाराच्या विवेचनात सापडतो. विप्रलंभ शृंगारात करुणाचेच भाव दिसत असतील तर दोहोंत फरक कोणता, असा प्रश्न तेथे निर्माण होतो. भरताचे उत्तर असे की करुण हा निरपेक्ष आहे आणि विप्रलंभ हा सापेक्ष. करुणात गेलेले माणूस परत येण्याची अपेक्षाच उरलेली नसते. विप्रलंभ औत्सुक्यातून व चिंतेतून उद्भवतो आणि पुनर्मीलनाची अपेक्षा त्यात जिवंत असते. अश्रू तेच, निःश्वास तेच, कृशताही तीच. भेद केवळ एका अपेक्षेचा. ती गळून पडली की तोच भाव करुणात उतरतो.

यू-टूच्या नवी मुंबईतील चाहत्याची अवस्था या व्याख्येत चपखल बसते. बँड विसर्जित झाला असता तर शोक करून मोकळे होता आले असते. दौरा जाहीर झाला असता तर तिकिटांच्या रांगेत उभे राहता आले असते. अनिश्चितता त्याला दोन्हींपासून वंचित ठेवते. तर्क लढविणे म्हणजे विप्रलंभाला करुणात उतरू न देण्याचा प्रयत्न होय. मृत्युलेख पुढे ढकलण्याची ती एक सामुदायिक रीत आहे. तिला केवळ उथळ कुतूहल म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. परंतु भरताच्या ‘सापेक्ष’ या शब्दातच नीतीचा सगळा पेच दडलेला आहे. ही अपेक्षा कोणाकडून, कशाच्या बळावर आणि किती?

४

कलावंताकडून पुनःपुन्हा येण्याची अपेक्षा करणे मराठी प्रेक्षकाला नवे नाही. वाशीच्या नाट्यगृहाला ज्यांचे नाव दिले आहे त्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, आणि दहा वर्षांतच त्यांची मंडळी मुंबईला प्रयोग करू लागली. तेव्हापासून मराठी नाटक हे मुक्कामांचे नाटक राहिले. मंडळी गावात येणार, महिना-दोन महिने राहणार, निघून जाणार आणि पुढच्या मोसमापर्यंत गाव तिची वाट पाहणार, हा शंभर वर्षांचा परिपाठ होता. त्या परिपाठात वृद्धत्वाचा प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहिला तो बालगंधर्वांच्या बाबतीत. १८८८ मध्ये जन्मलेल्या या नटाने १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी काढली; १९३५ च्या ‘धर्मात्मा’ या चित्रपटात पुरुषभूमिका केली; आणि तेथे मन न रमल्यामुळे तो पुन्हा रंगभूमीवर, पुन्हा स्त्रीभूमिकांकडे वळला. पन्नाशी ओलांडलेला देह तरुण नायिकेचा शालू नेसून उभा राहत असे, आणि प्रेक्षक येत असत. ते काय पाहत होते? डोळ्यांसमोरच्या देहाच्या जागी ते स्मृतीतील देह पाहत होते. हा रसिकतेचा मोठेपणा म्हणता येईल. पण त्या मोठेपणाची किंमत कोण मोजत होते, हेही विचारले पाहिजे. कंपनीच्या कर्जांचा आणि नटाच्या थकलेल्या शरीराचा हिशेब प्रेक्षागृहात बसलेल्याला द्यावा लागत नव्हता.

दुसरे उदाहरण तमाशाचे. नारायणगावच्या राहुट्यांत गुढीपाडव्याच्या सुमारास गावोगावचे लोक येऊन जत्रांच्या सुपाऱ्या ठरवितात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५-२००२) यांच्यासारखी थोर कलावती, राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविली गेलेली. तरी तिच्या उतारवयातील आर्थिक ओढगस्त महाराष्ट्राने पाहिली. तिच्या बाबतीत ‘पुन्हा फडावर उभी राहील का?’ असे तर्क लढविण्याला अर्थच नव्हता. पोटाचे उत्तर होकारार्थीच असते. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘पुन्हा येतील का?’ हा प्रश्न न येण्याचे स्वातंत्र्य असलेल्या कलावंताविषयीच विचारता येतो. चाहत्यांच्या तर्कांमध्ये कलावंताच्या स्वातंत्र्याची कबुली अध्याहृत असते. ज्याला थांबता येते, त्याच्या येण्याला देणगीचे मोल येते. चाहता हे विसरतो, आपण भरलेल्या तिकिटाच्या पैशांतून किंवा जपलेल्या निष्ठेतून पुढील प्रयोगाचा हक्क निर्माण होतो असे मानू लागतो, त्या क्षणी तो स्वतःच्याच प्रश्नाचा पाया खणून काढतो. हक्काने मिळणाऱ्या गोष्टीविषयी तर्क करावा लागत नाही. तिची वसुली करता येते.

येथे उलट बाजूचा युक्तिवादही लक्षात घेतला पाहिजे. ‘आता त्यांनी थांबावे’ असे म्हणणारा चाहता दिसायला अधिक दयाळू असतो; पण त्याच्या दयेतही एक आक्रमण आहे. आठवणीतील प्रतिमा मलिन होऊ नये म्हणून तो जिवंत माणसाला रंगमंचावरून खाली उतरवू पाहतो. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ (१९७०) मधील गणपतराव बेलवलकर निवृत्त होतो. त्यानंतरच्या त्याच्या शोकांतिकेचे एक मूळ पोटच्या मुलांच्या वागण्यात असले, तरी दुसरे मूळ असे की ज्या माणसाचे असणे भूमिकेतच होते, त्याला भूमिकेबाहेर जगण्यासाठी जागाच उरलेली नाही. थांबणे म्हणजे शहाणपण, हे समीकरण सर्वांना सारखे लागू पडत नाही. एडवर्ड सैद यांच्या निधनानंतर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तरकालीन शैलीविषयीच्या पुस्तकात, अडोर्नोच्या बेथोवेनविषयक विचारांचा मागोवा घेत, असे प्रतिपादन आहे की काही कलावंतांचे वार्धक्य समेटात विराम पावत नाही. ते अधिक तडे, अधिक विसंवाद घेऊन व्यक्त होते. म्हातारपणाने शांत व्हावे, ही मागणीसुद्धा मागणीच असते.

म्हणजे ‘यावे’ आणि ‘थांबावे’ या दोन्ही भूमिका एकाच दोषाच्या धनी होऊ शकतात. दोन्हींत कलावंताच्या देहाविषयीचा निर्णय दुसराच कोणी घेऊन टाकतो.

५

रॉक संगीताच्या बाबतीत या पेचाला आणखी एक कारण आहे. हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला थकलेला आवाज ऐकण्याची रीत परंपरेने शिकविलेली असते. सवाई गंधर्व महोत्सवाची सांगता भीमसेन जोशींच्या गायनाने होण्याची प्रथा दीर्घकाळ चालली. त्यांच्या उतारवयात आवाजाची फेक पूर्वीची राहिली नाही, तरी श्रोत्याला त्यात उणेपणाच दिसला असे नाही. वय हा तेथे विचाराच्या परिपक्वतेचा पुरावा असतो. शिवाय शिष्यपरंपरेच्या रूपाने गाणे एका देहातून दुसऱ्या देहात जाण्याची सोय आहे. नाटकातही ती आहे. डॉ. श्रीराम लागूंनंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी बेलवलकर उभा केला, आणि भूमिका नटाहून दीर्घायुषी ठरली.

रॉक बँडला अशी उत्तराधिकाराची व्यवस्था सहसा नसते. त्याची संहिता म्हणजे विशिष्ट चार माणसांचे विशिष्ट वयात एकत्र येणे. शिवाय हा संगीतप्रकार तारुण्याच्या बंडातून आपले मूल्य मिळवितो. त्यामुळे वार्धक्य हे त्याच्या आशयाशीच विसंगत ठरते. १९७६ मध्ये शाळेच्या सूचनाफलकावर वादक हवेत अशी चिठ्ठी लावून ज्याने हा बँड जमविला तो लॅरी मलनच होता, आणि लास वेगासच्या ४० कार्यक्रमांत तोच नव्हता. तेव्हा जे वाजले ते यू-टूचे होते का, हा केवळ तात्त्विक कूटप्रश्न राहिला नाही. चाहत्यांना त्याचे प्रत्यक्ष उत्तर द्यावे लागले, आणि बहुतेकांनी कबूल-नाकबूल करीत ‘होते’ असे दिले. यातून त्यांची अपेक्षा कशावर होती हेही कळते. ती निर्दोष वादनावर नव्हती. ते तर ध्वनिमुद्रिकेत मिळतेच. आपल्यासारखीच झिजणारी माणसे अजून एकत्र उभी राहतात, हे पाहण्याची ती अपेक्षा होती. बँडच्या वयाविषयीचा तर्क हा पुष्कळदा स्वतःच्या वयाविषयीचा प्रश्न असतो. तो दुसऱ्याच्या नावावर विचारला की सोपा जातो, एवढेच.

काही बँड या अनिश्चिततेला आधीच कुंपण घालतात. जानेवारी २०२५ मध्ये १८, १९ आणि २१ तारखांना याच स्टेडियमवर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले. या तुलनेने तरुण बँडचा गायक ख्रिस मार्टिन याने बारा ध्वनिमुद्रिकांनंतर नव्या ध्वनिमुद्रिका काढणे थांबवू, असे पूर्वीच जाहीर केले होते. येथे शेवटाची संख्या ठरलेली आहे. तर्काला जागा कमी आणि मोजणीला जास्त. हे अधिक प्रामाणिक आहे असे म्हणता येईल. परंतु शेवट जाहीर केल्याने प्रत्येक भेटीला निरोपाचे मूल्य चढते आणि ते मूल्य बाजारातही वटते, हेही तितकेच खरे. तर्काप्रमाणे निश्चितीचाही व्यापार होतो.

६

नवी मुंबईच्या रसिकाचे स्थान या सर्व विवेचनात काहीसे निराळे आहे, आणि ते दुर्लक्षून चालणार नाही. डब्लिनच्या किंवा लंडनच्या चाहत्याला ‘पुन्हा’ हा शब्द अनेकदा वापरता आला आहे. नेरूळच्या मैदानात उभ्या राहिलेल्या, ऐंशी-नव्वदच्या दशकांत कॅसेटींवर ही गाणी ऐकत वाढलेल्या रसिकाची पहिली भेट मूळ ध्वनिमुद्रिकेनंतर ३२ वर्षांनी झाली. त्याने पाहिला तो प्रयोग स्वतःच एका स्मरणाचा प्रयोग होता. जे प्रथमच अनुभवाला येत होते ते आधीच पुनरावृत्तीच्या रूपात आले. आरंभ आणि निरोप एकाच रात्री घडले. म्हणूनच पुढील दौऱ्याविषयीच्या त्याच्या अपेक्षेला केवळ हावरेपणा म्हणणे चुकीचे ठरेल. तिच्यात उशिराने मिळालेल्या वाट्याची खंत आहे. जगाच्या सांस्कृतिक व्यवहारात काहींच्या वाट्याला प्रवाह येतो आणि काहींच्या वाट्याला त्याचे शेवटचे टोक. ही विषमता वृद्ध कलावंताने निर्माण केलेली नाही, आणि तिची भरपाई त्याच्या गुडघ्यांकडून मागता येणार नाही. पण म्हणून ती विषमता नाहीशी होत नाही.

वाट पाहण्याचा सराव या शहराला आहेच. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली तेव्हापासून हे शहर पुढे होणार असलेल्या गोष्टींच्या आश्वासनावर वसत गेले. ज्या आगरी-कोळी गावांच्या जमिनींवर ते उभे राहिले, त्यांना मोबदल्यासाठी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार सोसावा लागला. २०११ मध्ये काम सुरू झालेली मेट्रो २०२३ मध्ये धावली. अशा ठिकाणी अपेक्षा या शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात. जमीन गेलेल्या शेतकऱ्याची मोबदल्याची अपेक्षा हा हक्क असतो. ती पुरी न होणे हा अन्याय असतो, आणि तेथे संयमाचा उपदेश करणे अनैतिक ठरते. कलावंताच्या पुनरागमनाची अपेक्षा या जातीची नव्हे. शब्द एकच असल्यामुळे दुसऱ्या अपेक्षेने पहिलीचा आवाज उसना घेऊ नये, इतका विवेक रसिकाकडून मागता येतो.

मग हक्क नसलेल्या अपेक्षेचे रूप कसे असावे? मराठी संस्कृतीत प्रतीक्षेची जी सर्वांत परिचित प्रतिमा आहे, तिच्यात प्रतीक्षा करणारा भक्त नाहीच. वाट पाहत उभा आहे तो विटेवरचा देव, आणि प्रवास करतो तो वारकरी. देवाचे उभे राहणे ही पुंडलिकाकडे केलेली मागणी नाही. पुंडलिकाला आईबापांच्या सेवेतून सवड होईल तेव्हा होईल, ही त्या उभे राहण्यातील मान्यता आहे. दुसऱ्याचे स्वतःचे काही काम आहे, स्वतःचे देणे आहे, आणि ते आपल्या दर्शनाहून मोठे असू शकते, हे मान्य करून केलेली प्रतीक्षा ती हीच. रॉक संगीताच्या जगात भूमिका उलटलेल्या असतात. दैवत हिंडते आणि भक्त उभे राहतात. पण उभे राहण्याचा धर्म तोच राहू शकतो.

अशा प्रतीक्षेची पारख नकाराच्या वेळी होते. समजा, बँडने उद्या शेवट जाहीर केला. ज्याला फसविले गेल्याची चीड येईल त्याची अपेक्षा हक्काची होती. त्याचे तर्क एका थकलेल्या देणेकऱ्याच्या दारावरील थापा होत्या. ज्याला दुःख होईल, केवळ दुःख, त्याचे तर्क प्रेमाचे व्यभिचारी भाव होते आणि त्यांच्या खाली काही स्थायी होते. भरताची सापेक्षता तेथे निरपेक्षतेत उतरते, विप्रलंभाचा करुण होतो, आणि तो करुण शुद्ध असतो. कारण त्यात तक्रार नसते. या परिणतीला जो आज तयार आहे, त्याने पुढच्या दौऱ्याविषयी खुशाल तर्क लढवावेत. त्याच्या तर्कांचे ओझे कोणाच्याही खांद्यावर पडणार नाही.